सहायक साधनासाठी पैसा कुठून उभा करायचा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिव्यांगांसाठी पायरीवार माहिती

श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कृत्रिम पाय किंवा बॅटरीवरची तीनचाकी घ्यायची तर पैसे देणारी दारं बरीच आहेत. केंद्राची सहायक साधनं देणारी एडिप योजना, ज्येष्ठांसाठीची वयोश्री, शाळकरी मुलांसाठी समग्र शिक्षा, झेडपीचा सेस फंड (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी), ग्रामपंचायतीचा आणि महापालिकेचा पाच टक्के निधी, कामगारांसाठी ईएसआय (राज्य कामगार विमा), खासदार निधी आणि सगळ्यात शेवटी महामंडळाचं कर्ज. पात्र माणसाचा अर्जसुद्धा परत येतो तो सहसा क्रम चुकल्यामुळे: आधी वस्तू विकत घेतली आणि मग योजना शोधली, किंवा साधनवाटपाच्या शिबिरात दिसेल ते साधन घेऊन टाकलं.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. एडिपचा नियम असा, की त्याच कारणासाठी मागच्या तीन वर्षांत सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा स्वयंसेवी संस्थेकडून मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे. 'फुकट मिळतेय तर घेऊया' म्हणून कुबड्यांची जोडी उचलली आणि खरी गरज व्हीलचेअरची असेल, तर चालण्या-फिरण्यासाठीची मदत मिळाल्याची नोंद तुमच्या नावावर लागते. म्हणून शिबिराला जायच्या आधीच ठरवा: कोणतं साधन कोणत्या दारातून घ्यायचं.

आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग बाकी सगळं

साधनाचं नाव आधी तज्ज्ञाकडून लिहून घ्या. हाता-पायाच्या साधनासाठी अस्थिरोग तज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयवासाठी प्रॉस्थेटिस्ट, कानासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ. नुसतं 'व्हीलचेअर द्यावी' एवढं लिहून घेतलं तर १८ इंची सीटची एकाच मापाची खुर्ची हातात पडते. चिठ्ठीवर सीटची रुंदी, पाठीचा आधार किती उंच, हात टेकायची दांडी काढता येणारी हवी का, गादी हवी का, हे सगळं यायला हवं.

माप घरीच काढून नेलं तर डॉक्टरांचंही काम सोपं होतं. गादी नसलेल्या लाकडी खुर्चीवर किंवा बाकावर बसा, पाठ सरळ. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. सीटची रुंदी तेवढीच, किंवा फार तर बोटभर जास्त. मग पाठीच्या खालच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा करा; ही सीटची खोली. खळगीपासून टाचेपर्यंतचं माप पाय ठेवायच्या पट्टीसाठी. मोठ्या सीटमध्ये बसवलेलं लहान मूल एका बाजूला कलतं आणि रोज तसंच बसत राहिलं तर पाठीचा कणाही कलायला लागतो. खोली जास्त असेल तर सीटची कड गुडघ्यामागे रुतते, मग माणूस पुढे सरकून घसरत बसतो.

मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेली असेल तर गादी ही चैन समजू नका. गादीशिवाय बसल्यावर जखम होते, ती दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळते तेव्हा खोल गेलेली असते. गादी असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन किंवा पुढे वाकून वजन हलवावं लागतं. चिठ्ठीवर गादीचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या, नाहीतर तिचे पैसे कुठलीच योजना देणार नाही.

घराचा दरवाजाही मोजा. १८ इंची सीटच्या साध्या फोल्डिंग खुर्चीची बाहेरून रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. जुन्या घरांची न्हाणीघराची दारं याहून अरुंद असतात.

यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहेत आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दोन्ही केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरून निघतं. अर्ज महा ई-सेवा केंद्रातून भरला तरी चालतो, पण मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या कायमच्या माणसाचा द्या. केंद्रचालकाचा नंबर टाकला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि दोन वर्षांनी कार्डात दुरुस्ती करायची म्हटली की तो नंबर बंद असतो.

अर्जात तपासणीसाठी रुग्णालय निवडावं लागतं. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या बहुतेकांना सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जावं लागतं. अस्थिव्यंग, कान, डोळे, मनोविकार यांच्या तपासणीचे वार वेगवेगळे असतात. चंदगड किंवा आजऱ्याहून पहाटेची एसटी धरून निघायच्या आधी वार फोनवर विचारून घ्या, आणि यादीत गडहिंग्लज किंवा इचलकरंजीच्या रुग्णालयाचा पर्याय दिसतो का तेही बघा. जुने एक्स-रे, ऑपरेशनचे डिस्चार्ज कागद, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख), सगळं मूळ स्वरूपात न्या.

२०२४ च्या दुरुस्ती नियमांनंतर कार्डाला रंग आले आहेत: ४० टक्क्यांपेक्षा कमी पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं. अर्जावर निर्णय घ्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं, हे हातात पडताच वाचा. तात्पुरत्यावर मुदतीची तारीख असते. ती उलटली की शिबिराच्या टेबलावरच अर्ज बाजूला ठेवला जातो.

नावाचा घोळ हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. आधारवर 'आक्काताई', रेशन कार्डावर 'अक्काताई', बँकेत 'सौ. आक्काताई' असं असेल तर आधी आधार ठीक करून बाकीचं त्यानुसार बदला. उलट्या क्रमाने केलं तर काम दुप्पट होतं.

उत्पन्नाचा दाखला: आकडा कोणत्या योजनेसाठी?

तहसीलदारांचा दाखला वर्षाच्या उत्पन्नाचा असतो, योजनांच्या मर्यादा मात्र काही महिन्याच्या, काही वर्षाच्या. एडिपमध्ये महिना २२,५०० पर्यंत पूर्ण खर्च सरकारचा. म्हणजे दाखल्यावर २,७०,००० पर्यंत. २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्मा. म्हणजे वर्षाला ३,६०,००० पर्यंत. व्यक्ती दुसऱ्यावर अवलंबून असेल तर आई-वडिलांचं किंवा पालकाचं उत्पन्न धरतात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्रीला महिना १५,००० ची मर्यादा, म्हणजे वर्षाला १,८०,०००. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत हवं.

तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड आणि स्वयंघोषणापत्र जोडून सेतूतून दाखला निघतो. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैत, सेतूसमोर रांगा लागतात. त्याआधीच काढून ठेवा. ऊस जास्त गेला म्हणून एखाद्या वर्षी उत्पन्न चढलेलं दिसत असेल तर तीन वर्षांचा दाखला मागितला आहे की एका वर्षाचा, हे अर्जात नीट वाचा.

एडिप शिबिर: दोन वेळा यावं लागतं

एडिप १९८१ पासून चालू आहे आणि त्यातली बरीचशी साधनं कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीची असतात. शिबिरं खासदारांच्या, जिल्हा प्रशासनाच्या किंवा झेडपीच्या पुढाकाराने लागतात. पहिलं शिबिर तपासणी आणि मोजमापाचं. तिथे काहीच मिळत नाही, फक्त एक पावती मिळते. ती पावती लॅमिनेट करू नका, पण जपा. वाटपाच्या शिबिरात तिच्यावरूनच नाव शोधतात. दोन शिबिरांमध्ये काही महिने जातात. वाढत्या वयाच्या मुलाचं माप तोवर बदलतं, म्हणून वाटपाच्या दिवशी पुन्हा बसवून बघा आणि बसत नसेल तर सही करायच्या आधी तिथल्या तंत्रज्ञाला दाखवा. सही झाल्यावर बदलून मिळणं फार अवघड.

सोबत न्यायचं: यूडीआयडी कार्ड आणि प्रमाणपत्राची प्रत, आधार, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी. फोटोसाठी पूर्वी व्यंग दिसेल असा उभा फोटो मागायचे. तो मागितला तर द्यायचा, स्वतःहून नको.

बॅटरीवरची तीनचाकी किंवा मोटराइज्ड व्हीलचेअर हवी असेल तर वय १६ च्या वर आणि दिव्यांगत्व तीव्र हवं; शिबिरात सहसा ८० टक्के बघतात. या साधनावर केंद्राचं अनुदान एका मर्यादेपर्यंतच आहे. वरचा फरक खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर) किंवा लाभार्थी यांच्याकडून भरला जातो. वाटपाला जाण्याआधी विचारा, की फरक कोण भरणार आहे. यादीत नाव आहे पण फरकाची सोय नाही, म्हणून गाडी अडून राहू शकते.

इथे एक परखड मत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या चढ-उतारावर आणि पावसात ही तीनचाकी सपाट इचलकरंजी-जयसिंगपूरसारखी चालत नाही. घर मुख्य रस्त्यापासून आत चिखलवाटेने असेल, तर आधी हातावरची तीनचाकी किंवा मजबूत व्हीलचेअर आणि ग्रामपंचायतीकडून दारापर्यंत काँक्रीटची वाट, हा मेळ जास्त उपयोगी. उतरण (रॅम्प) करताना उंचीच्या बारापट लांबी धरा: ओटा एक फूट उंच तर उतरण बारा फूट. चार फुटांत बसवलेली उतरण नुसती फोटोपुरती असते.

कान: ऑडिओग्राम वाचायला शिका

कायद्यात कर्णबधिरतेची व्याख्या दोन्ही कानांची आहे. दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल ऐकणं कमी झालं असेल तर 'हार्ड ऑफ हिअरिंग', ७० च्या पुढे बधिर. ऑडिओग्रामवर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. ५००, १००० आणि २००० या उभ्या रेघांवरच्या खुणा कागदावर किती खाली आहेत ते बघा. जितक्या खाली तितकं ऐकणं कमी. एकाच कानाचं ऐकणं गेलं असेल तर ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र निघत नाही.

वयामुळे ऐकणं ५० डेसिबलने कमी झालेल्या आजोबांचं मग काय? तिथे राष्ट्रीय वयोश्री कामाला येते. २०१७ पासूनच्या या योजनेत वय ६० आणि उत्पन्नाची किंवा दारिद्र्यरेषेची अट आहे, ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राची नाही. काठी, वॉकर, कुबड्या, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, व्हीलचेअर हे सगळं तिच्यात बसतं. शिबिराची पद्धत एडिपसारखीच.

मुख्यमंत्री वयोश्री ही निराळी योजना. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात आणि त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा बेल्ट अशी साधनं घ्यायची. ३० दिवसांत बिल सादर करावं लागतं. तीन हजारांत चांगलं श्रवणयंत्र येत नाही, हे उघड आहे. त्यामुळे ही रक्कम कमोड खुर्ची किंवा चष्म्यासाठी वापरा आणि कानाचं काम राष्ट्रीय वयोश्रीतून करा. राज्याच्या योजनेचं काम विचारेमाळावरच्या सामाजिक न्याय भवनातून चालतं. झेडपीचा समाजकल्याण विभाग नागाळा पार्कात आहे. दोन्हीकडे 'समाजकल्याण' अशीच पाटी असल्यामुळे माणसं रिक्षाचं भाडं घालवून चुकीच्या दारात उभी राहतात. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, ते आधी फोनवर विचारा.

जन्मतः बधिर मुलांसाठी वेळ फार महत्त्वाची. एडिपखाली कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचं यंत्र) एका कानासाठी ७ लाखांपर्यंतची तरतूद आहे, पण वय पाच वर्षांच्या आत हवं. नोंदणी कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत होते. तीन महिन्यांच्या बाळाला टाळी ऐकू येत नाही असं वाटलं तर 'उशिरा बोलेल' म्हणून थांबू नका. बेरा तपासणी (झोपलेल्या बाळाचीही ऐकण्याची क्षमता मोजणारी) करून घ्या आणि अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही या शस्त्रक्रियेला मदत मिळते. ऑपरेशननंतर मॅपिंग (यंत्राचा आवाज मुलाला जुळवणं) आणि स्पीच थेरपीसाठी महिनोन् महिने येरझाऱ्या असतात आणि वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या प्रोसेसरची दुरुस्ती घरच्या खिशातून. हा खर्च कळल्यावरच सहमतीच्या कागदावर सही करावी.

पाच टक्के निधी: गावातला, सगळ्यात जवळचा पैसा

ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार लिलाव, गाळाभाडं असं. वरून येणारी अनुदानं त्यात धरत नाहीत.

आता गणित बघा. गावाची वसुली वर्षाला ६ लाख असेल तर पाच टक्के म्हणजे ३०,०००. गावात नोंदलेले २० दिव्यांग. दिवाळीला प्रत्येकी १,५०० रुपये खात्यावर, फोटो, विषय संपला. कुणाचीच श्रवणयंत्राची किंवा गादीची सोय झाली नाही. त्याऐवजी वीस जणांनी ग्रामसभेत मिळून सांगितलं, की यंदा तिघांची साधनं घ्या आणि पुढच्या वर्षी पुढच्या तिघांची, तर त्याच पैशात प्रत्येकी दहा हजारांची वस्तू येते. यासाठी दिव्यांगांची आपसांत आधी बैठक व्हायला हवी. समान वाटप ऐकायला न्याय्य वाटतं आणि म्हणूनच ते मोडायला जड जातं.

कृती अशी. २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, सोबत चिठ्ठी, यूडीआयडी आणि दुकानदाराचं कोटेशन. मार्च उजाडल्यावर अर्ज दिला तर पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प झालेला असतो. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. ग्रामसभेत ठराव तोंडी होऊन चालत नाही. इतिवृत्तात साधनाचं नाव आणि रक्कम आली का ते बघा. मागची शिल्लक विचारा: वर्षात खर्च न झालेली रक्कम कुठे गेली, हा प्रश्न नम्रपणे पण प्रत्येक सभेत विचारावा.

कोल्हापूर शहरात हे काम महापालिकेकडे, आणि इचलकरंजीतही २०२२ पासून महापालिकाच आहे. झेडपीच्या सेसमधून ज्या वर्षी साधनांची योजना असते त्या वर्षी पंचायत समितीमार्फत अर्ज मागवतात. करवीर असो की भुदरगड, गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातला फलक अधूनमधून बघत राहा.

या योजनांमध्ये बऱ्याचदा लाभार्थ्याने आधी वस्तू घ्यायची आणि मग अनुदान खात्यावर, अशी पद्धत असते. इथे तीन ठिकाणी गाडी अडते. मंजुरीच्या पत्राच्या तारखेआधीचं बिल चालत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक आणि लाभार्थ्याचं पूर्ण नाव हवं. 'कॅश सेल' लिहिलेलं बिल परत येतं. आणि खात्याला आधार लिंक असणं वेगळं, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे 'पैसे याच खात्यात' अशी आधारवरची नोंद, असणं वेगळं. तुमची तीन खाती असतील तर पैसे ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं तिथे जातात, पासबुकाची झेरॉक्स कुठलीही जोडा. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघून मगच पासबुक जोडा. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, हेही लक्षात ठेवा. बिलात लावला असेल तर दुकानदाराला विचारा.

आधी खरेदीसाठी हातात पैसे नसतील तर गावची पतसंस्था किंवा बचत गट मंजुरीचं पत्र बघून थोड्या दिवसांची उचल देतो का, ते विचारायला हरकत नाही. सावकाराकडे मात्र जाऊ नका. अनुदान यायला लागणारे महिने व्याज खाऊन टाकतात.

शाळेतली मुलं

सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांचं काम समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षण विभागातून होतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. त्यांना गाठलं की बाकीचा रस्ता ते दाखवतात. अलिम्कोसोबतच्या शिबिरांत साधनाचा ६० टक्के खर्च एडिपमधून आणि ४० टक्के समग्र शिक्षामधून, त्यामुळे पालकांना काही भरावं लागत नाही. मुलाचं नाव शाळेच्या यू-डायस (सरकारी ऑनलाइन) नोंदीत दिव्यांग म्हणून लागलेलं नसेल तर त्याचं नाव यादीत येत नाही. मुख्याध्यापकांना भेटून ही नोंद आधी बघा.

अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल किट, डेझी प्लेअर (बोलकी पुस्तकं ऐकवणारं यंत्र), स्मार्ट काठी मिळते. पण सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करायच्या आधी थांबा: अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए दोन्ही फुकट आहेत आणि मराठी वाचून दाखवतात. अनुदान फोनसाठी वापरा.

कामगार आणि माजी सैनिक

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीत किंवा इचलकरंजीच्या कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर कृत्रिम अवयव आणि श्रवणयंत्रासाठी आधी तिथेच जा. पगाराची मर्यादा २१,००० आहे, दिव्यांग कामगारासाठी २५,०००. माजी सैनिकांना ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना आहे. हात-पाय गेला असेल तर पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हे काम करतंय आणि तिथे नागरिकांनाही घेतात.

कृत्रिम पायाबद्दल एक गोष्ट. जखम पूर्ण भरून, सूज उतरून ठूट (पाय कापल्यावर उरलेला भाग) आकाराला आल्याशिवाय माप देऊ नका. तोवर क्रेप बँडेज रोज बांधायचं, गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं नाही. तसं झोपलं की गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग पाय बसत नाही. पहिल्या वर्षात ठूट बारीक होत जातं आणि सॉकेट (ठूट बसतं ती वाटी) सैल होतं, हे ठरलेलंच. म्हणून पहिला पाय जयपूर फूटसारख्या मोफत शिबिरातून घेतला तर देणाऱ्याला आधीच विचारा, सॉकेट बदलून कोण देणार आणि कधी.

कर्ज, सगळ्यात शेवटी

राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त महामंडळाच्या स्वावलंबन योजनेत सहायक साधनासाठीही कर्ज मिळतं, व्याज रकमेप्रमाणे ५ ते ९ टक्के, महिलांना एक टक्का सूट. महाराष्ट्रात राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करायची. जामीनदार लागतो. ज्या साधनाने कमाई वाढते त्यालाच कर्ज काढा: दुकानाला जाण्यासाठीची साइड व्हीलची स्कूटर, शिलाई मशीनला लावायची मोटर. गॅरेजवाल्याकडून परस्पर चाकं जोडून घेऊ नका; आरटीओकडून बदलाची नोंद आणि लायसन्सवर तसा शेरा नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते.

चालू खर्च कोण देणार?

योजना साधन देतात, त्याचं पोट भरत नाहीत. कानामागच्या यंत्राला सहसा ६७५ नंबरचा, निळ्या स्टिकरचा सेल लागतो. रोज वापरला तर साधारण दोन आठवडे. दोन कानांचे वर्षाला पन्नासेक सेल. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच झाकण लावा, सेल जास्त टिकतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर ओल धरून आवाज फाटतो. लहान मुलाच्या कानाचा साचा कान वाढेल तसा काही महिन्यांनी नवा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी वाजवतं आणि मूल ते काढून फेकतं. तीनचाकीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी वापर नसतानाही महिन्यातून किमान दोनदा पूर्ण चार्ज करा. पाच टक्के निधीत नव्या साधनासोबत सेल आणि बॅटरीसाठीही अर्ज करता येतो, पण मागितल्याशिवाय ते कुणाला सुचत नाही.

पंचगंगा-कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात, चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत, साधन पाण्यात गेलं तर पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला त्याची नोंद घ्यायला सांगा आणि चिखलातल्या वस्तूचा फोटो काढून ठेवा. तीन वर्षांची अट आड आली तर हीच नोंद दाखवता येते.

अर्ज अडला तर

आधी लेखी विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जाची सद्यस्थिती काय, तो कुणाच्या टेबलावर आहे, नाकारला असेल तर कोणत्या अटीमुळे. महिनाभरात उत्तर नाही आलं तर दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकार अर्ज, हेच तीन प्रश्न. त्यापुढे पुण्यातले राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. तक्रारीला पोचपावतीची झेरॉक्स जोडा. ती नसेल तर 'अर्ज प्राप्त नाही' असा शेरा लिहायला कार्यालय मोकळं राहतं.